म्हशीचं इंग्रजी

आता हे ऐकाच. माझ्या भाच्याला, सुरेशला, कंपनीत शनिवार-रविवार सुट्टी. "आत्ती, सुट्टी वाया घालवायची न्हाय. बढतीसाठी इंग्रजी बोलाय शिकतोय," म्हणाला आणि धार काढता काढता म्हशीलाच भाषण देऊ लागला. महिनाभरात तिला त्याची सवय लागली. एका सोमवारी मी धारेला बसले, तर पान्हाच सोडेना! दारात गिऱ्हाइकं भांडी घेऊन उभी.

"काय मावशी, आज कोराच चहा व्हय?"

"थांबा की जरा!"

शाळेत न जाता अक्षरं शिकलेली बाई मी, म्हशीपुढं हार मानीन होय? तिच्या कानाशी ठणकावलं, "गुड मॉर्निंग, सर!" चरवी फेसानं भरली.

सुरेशची बढती? कुठली! साहेबासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणतो, "आत्ती, समोर म्हस नव्हती की!"