गाव सोडवायचा गेम

व्हिडिओ गेमवर आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मात एकदाच बोलले बघा. चुलतभावानं दुबईहून आणलेल्या कॉम्प्युटरवर आम्ही निपाणीत एकच गेम खेळायचो. आपण सरदार व्हायचं आणि दुसऱ्या राजानं बळकावलेलं गाव सोडवायचं. एक दिवस भाऊ इंग्रजी मासिक नाचवत आला, "दुसरा भाग येतोय रं!" आम्ही घर डोक्यावर घेतलं.

आप्पा कर्नाटकात अडकलेली निपाणी महाराष्ट्रात यावी म्हणून जेलात जाऊन आलते. तंबाखू मळत त्यांनी विचारलं, "पहिल्या भागात गाव सुटलं व्हय रं?"

"न्हाय आप्पा. कितीबी लढा, गाव तिकडंच ऱ्हातंय. दुसऱ्या भागात बघू म्हणत्यात."

आप्पांनी तंबाखू दाढेखाली सारली. "गेम काढणारं बेणं आपल्या निपाणीचंच दिसतंय!"