पुतळ्याची साखर नॉर्मल

गल्लीत शिलाईकाकू म्हणून ओळख, वय ५४, धंदा शिवणकाम, राहणार दुकानाच्याच माडीवर.

पोलीस चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझ्या दुकानाला लागून तपासणी कंपनीचं ऑफिस आहे. तिथे एक काळा डबा आहे. त्याच्या भोकात बोट घातलं की सुई न टोचता सगळे आजार कळतात, असं मॅनेजर सांगतो. आत काय आहे विचारलं, तर म्हणाला, "ते गुपित आहे, काकू." भिंतीवर माजी मंत्री, निवृत्त न्यायाधीश आणि बँकेचे अध्यक्ष यांचे हसरे फोटो आहेत.

आमच्या ह्यांना साखरेचा जुना त्रास आहे. मागल्या महिन्यात ह्यांनी डब्यात बोट घातलं. डबा गोड आवाजात म्हणाला, "अभिनंदन, तुमची साखर नॉर्मल आहे. औषधं बंद करा, खूप हसा." ह्यांनी गोळ्या सोडल्या आणि चहात साखर ओतायला लागले. मी बोलले, तर म्हणाले, "एवढी मोठी माणसं काय उगाच पाठीशी आहेत?" परवा चक्कर येऊन जिन्यातच बसले. हे म्हणाले, "जास्त हसलो म्हणून असेल."

फोटोतल्या माजी मंत्र्यांचा कोट कंपनीनेच माझ्याकडे शिवायला दिला होता. कोट चुरगळू नये म्हणून मी तो दुकानातल्या कपड्यांच्या पुतळ्यावर चढवूनच पोचवते. काल तसाच कंपनीत नेला. पुतळा धरायला ह्यांना सोबत घेतलं. मॅनेजर फोनवर होता. मी पुतळ्याचं बोट डब्यात घातलं. डबा म्हणाला, "अभिनंदन, तुमची साखर नॉर्मल आहे. औषधं बंद करा, खूप हसा." पुतळ्याला कंबरेखाली लोखंडी दांडा आहे.

विनापरवानगी पेशंट आणला, ही मॅनेजरची तक्रार मला मान्य आहे. मी एवढंच विचारलं की, मंत्रीसाहेबांनी स्वतः कधी बोट घातलंय का. तो म्हणाला, "छे, ते मोठ्या दवाखान्यात जातात."

त्यावर आमचे हे तडक घराकडे निघाले. घरी येऊन गोळ्या शोधायला लागले. त्या मी शिलाई मशीनच्या खणात जपून ठेवल्या होत्या. मला रडू आलं, ते लिहू नये.

येथे लिहून घेणाऱ्या साहेबांनी आपण गोळ्या कधी सोडल्या ते बोटांवर मोजलं. त्यांनाही डब्याने खूप हसायला सांगितलं आहे, असं कळलं.

वरील सगळं मला वाचून दाखवलं, ते मी बोलले तसंच आहे. रडण्याचं गाळायचं राहिलं आहे, राहू दे. आमचे हे बाहेर बाकावर बसलेत. साहेबांना ह्यांच्या डॉक्टरांचा पत्ता हवा आहे, तो देऊन जाते.