ब्रेक कोनं मारला

नाई नाई भाऊ, ते बॉनेट खाली करा, इंजनात काई नाई. तुमी मले एवढंच सांगा — हे गाडी सोताहून ब्रेक मारते, ते कधी मारते? समोर कोनी आलं का मारते, हे मले बी माईत हाय, घेताना तुमच्या शोरूमातल्या पोरीनं सारं सांगतलं होतं — काचेमागं कॅमेरा, समोर रडार, सहा एअरबॅगा. माही प्रतीक्षा पुन्याहून फोनवर म्हने, बाबा, हे गाडी टेस्टात ठोकून पाह्यलेली हाय, हेच घ्या, तुमचे डोये आता पह्यल्यासारके राह्यले नाई. घेतली. माह्यं विचारनं निराळं हाय. मानसानं सोता पाय ठेवला ब्रेकवर, तरी बी गाडी मारते का? का पाय नसला तवाच मारते?

काहून म्हंजे? असंच.

बरं, सांगतो, पन हळू बोला. तो पाहा काचेपल्याड चहा पेत बसला, खांद्यावर दुपट्टा टाकलेला — तो माहा लहाना भाऊ, देवमन. त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. झालं असं का मी मोझरीहून गावाकडं येऊन राहिलो होतो, दिवेलागनीची येय, रस्ता मोकळा, गाडीत एकटाच — अन् एकाएकी टीं टीं टीं, समोर लाल लाइट, अन् गाडीनं असा झटका देल्ला का बेल्टानं छाती दाबली माही. उभी राह्यली. हातभरावर हा देवमन, बंद पडलेली मोटरसायकल ढकलत. आता अंधारात मले दिसलाच नाई, तं पाय कसा जाईन ब्रेकवर? बरोबर हाय का नाई?

लाइट? लाइट होते न चालू. म्हंजे — पाठ दिसली त्याची. दुपट्टा दिसला. चाल दिसली, डावा पाय ओढते तो, लहानपनी बैलबंडीवरून पडला तवापासून. सख्खा भाऊ हाय, चालीवरून वयखू येनारच. वयखला मी. दुरूनच वयखला. अन् मंग — मंग मले आठोत नाई, भाऊ. पाय कुठं होता तेच आठोत नाई.

बोलनं नव्हतं आमचं. मायच्या पाई. माय त्याच्याकडं राहे, एक दिवस तब्येत बिघडली तं त्यानं तिले अकोल्याले नेलं दवाखान्यात, अन् मले फोन नाई. फोन आला तो माय गेल्याचाच. मी काय समजाव? मुद्दामच केला नाई, असं धरून चाललो मी. त्याच्या पोरीच्या लग्नाले गेलो नाई. रस्त्यात दिसला तं काच वर करून घेत होतो. अन् त्या दिवशी गाडी उभी राह्यली तं यानं मोटरसायकल तिथंच सोडली, खिडकीपाशी आला, मी काच खाली केली — दुसरं काय करत होतो — तं म्हने, "दादा, तू थांबला." एवढंच. अन् रडाले लागला. 

बसवला गाडीत. बसला तं पुन्हा टीं टीं, बेल्ट लावा म्हनून. त्याले लावता येत नव्हता, तं मीच हात नेला अन् लावून देल्ला. अंगाले चाऱ्याचा वास येत होता त्याच्या. मंग सांगतलं त्यानं — माय म्हनत होती का खुशालले सांगू नको, तो पान्यापावसात गाडी पयवत येईन. आता हे खरं, का बसल्या बसल्या जुळवलं त्यानं? कोनं पाह्यलं? पन बोलनं मायचंच वाटते, बाप्पा. दुसऱ्या दिवशी संत्र्याचं पोतं घेऊन घरी हजर. माही बायको जमुना म्हंते, तुमी मोठेपना घेतला. गावात झालं — खुशालरावानं भावासाठी गाडी थांबवली. साऱ्यांले वाटते मी थांबवली. मी रोज चाबी हाती घेतो अन् तो काचेमागचा कॅमेरा माह्याचकडं पाहून राहिला असं वाटते. त्याले माईत हाय न.

हं? पाय हलका पडला असन, कमी पडला असन, तरी बी गाडी मारते? म्हंजे ठेवला असू शकते मी. हे पह्यलेच सांगाचं होतं न — का माह्यं तोंड पाहून म्हनून राहिले आता? खरं सांगा. नाई, राहू द्या. नका सांगू.

काय, हे सोताहून ब्रेक मारनं बंद करून देता? ते बंद होते का? नाई. नाई भाऊ, बंद करू नका. बिलकुल करू नका. अकोल्याले जानं हाय आता दोघांले, त्याच्या पोरीकडं.

उठला तो. इकडंच येऊन राहिला. तुमी — तुमी काचेवर माराचं पानी भरून द्या तेवढं, बाकी गाडीत काईच नाई. ये देवमन. काई नाई रे, पानी भरून राहिले. बस तू गाडीत.