शिंगाळ्या नराच्या अपहाराबाबत

नाव: हार्लन स्टौफर. वय: ६३ वर्षे. धंदा: वजनमापे निरीक्षक, सेवानिवृत्त. राहणार: शुगर रन रस्ता, ऑल्डर गॅप, पेनसिल्व्हेनिया.

मी आज सोमवार दि. १२ जानेवारी रोजी ऑल्डर गॅप पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी अर्लीन हिच्यासह राहतो. एकतीस वर्षे या भागातील दुकानांचे तराजू व पेट्रोलपंप मी तपासले. त्या काळात माझ्या मापात चूक निघाल्याची एकही नोंद नाही.

माझी तक्रार डेल्मर युट्झी, वय ६६, धंदा दूधव्यवसाय, यांच्याविरुद्ध आहे. ते माझ्या पत्नीचे थोरले भाऊ. त्यांच्या रानात ते व मी गेली सव्वीस वर्षे जानेवारीत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करतो.

ठासणीच्या बंदुकीत एका वेळी एकच बार असतो. आधी नळीत दारू ओतायची, मग त्यावर गोळी गजाने ठासायची. दुसरा बार भरेपर्यंत हरीण थांबत नाही. म्हणून गोळी कोणती, हा मुख्य प्रश्न आहे. त्याचा मी गेले वर्षभर अभ्यास केला. गोल गोळी चिंधीत गुंडाळून भरतात. ती जवळून चांगली, पण हलकी, लांबवर तिचा जोर सरतो. लांबट शिशाची गोळी जड, खोल जाते, पण नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, तिला मानवले पाहिजेत. तिसरी तांब्याची, प्लास्टिकच्या टोपडीत बसवलेली. तिन्ही प्रकारच्या मिळून चारशे बारा गोळ्या मी तोलल्या व ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर झाडून पाहिल्या. वर्तमानपत्रे संपल्यावर चर्चची जुनी पत्रके वापरली. त्याबद्दल पाद्रीबाईंनी विचारणा केली, पण ती वेगळी बाब आहे. शेवटी मी लांबट शिशाची गोळी निश्चित केली. डेल्मर यांना त्यांची निवड विचारली असता ते म्हणाले, "खिशात हात घातला की जी लागेल ती." ते जुन्या नळांचे शिसे घरी वितळवून गोल गोळ्या ओततात. तोलत नाहीत.

शनिवार दि. १० रोजी सकाळी सातच्या सुमारास आम्ही त्यांच्या मक्याच्या शेताकडेला बसलो. जमिनीवर बर्फ होते. बार भरताना मी डेल्मर यांना माझी निवड कशी झाली ते समजावून सांगत होतो. ते म्हणाले, "दाजी, हळू बोला. हरणं वही घेऊन येतील लिहून घ्यायला."

नऊ वाजून वीस मिनिटांनी आठ टोकांच्या शिंगांचा नर आला व माझ्यापासून बेचाळीस पावलांवर थांबला. अंतर मी नंतर मोजले. मी नेम धरून चाप ओढला. नळीतला बार पेटवण्यासाठी चापाजवळच्या खोबणीत ठेवलेली चिमूटभर दारू भपकन पेटली. पुढे काही झाले नाही. नळीत गोळी होती. दारू नव्हती.

नर माझ्याकडे पाहत राहिला. मी खोबणी पुन्हा भरून पुन्हा चाप ओढला. पुन्हा तेच. त्यानंतर माझ्या डावीकडून बार झाला व नर जागीच कोसळला.

नर माझ्यासमोर आला, पहिला नेम माझा होता, तरी तो डेल्मर यांनी नेला, म्हणून हा अपहार आहे. अंमलदार कोलेट झूक यांनी विचारले, "काका, रान कुणाचं?" डेल्मर यांचे. "गोळी कुणाची लागली?" त्यांची. "मग चोरलं काय?" यावर मी दिलेले उत्तर त्यांनी लिहून घेतलेले नाही.

पुरावा म्हणून बंदूक सोबत आणली आहे. गोळी अजून नळीत अडकलेली आहे. मी बंदूक टेबलावर ठेवताच अंमलदार टेबलाआड खाली वाकल्या व टपाल घेऊन आलेले गृहस्थ बाहेर पळाले. आत दारू नाही, असे मी मोठ्याने सांगितले. बाहेरून ते गृहस्थ म्हणाले, "ते सगळ्या गावाला माहीत आहे!"

गावाला माहीत होण्याचे कारण, रविवारी अग्निशमन केंद्रातल्या सामुदायिक नाश्त्याला डेल्मर सर्वांदेखत म्हणाले, "दाजींनी इतकी भारी गोळी शोधली की तिला दारूची गरजच नाही." साठेक माणसे हसली. त्यांत पेट्रोलपंपाचे मालकही होते, ज्यांचा पंप मी दोनदा बंद केला होता. मी धिरडी अर्धी टाकून घरी आलो. ही बदनामी होय.

त्याच दिवशी दुपारी डेल्मर हरणाचा मागचा पाय घेऊन आमच्या ओसरीवर आले. म्हणाले, "दाजी, सोडा ना राग." मी म्हणालो, "थट्टा व्हावी म्हणून मी वर्षभर राबलो नाही." ते म्हणाले, "कशासाठी राबलात ते ठाऊक आहे मला."

येथे मागील वर्षाची हकीकत सांगणे भाग आहे. मागील जानेवारीत मी एका मादीवर गोल गोळी झाडली. ती पळाली. रक्ताचा माग ओढ्यापर्यंत गेला व पाण्यात संपला. ओढ्यापलीकडे पडलेल्या मोठ्या झाडाखाली पाहू, असे डेल्मर यांचे म्हणणे होते. जखमी जनावर उताराला जाते, असे माझे. आम्ही अंधार पडेपर्यंत उताराला शोधले. मिळाली नाही. त्या आठवड्यात मी जेवत नव्हतो, असे पत्नी सांगते. मला याबाबत जास्त काही सांगायचे नाही.

ओसरीवर डेल्मर यांनी टोपी काढली. म्हणाले, "मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा सापडली ती मला. त्याच झाडाखाली. दोन्हीकडच्या बरगड्यांना भोक, आरपार. ओढ्यापलीकडे पन्नास पावलंसुद्धा चालली नाही. लगेच गेली असणार, दाजी. गोळी बरोबर होती."

मी विचारले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? की तुम्ही चुकीच्या बाजूला नेलंत? ऐकून घेतलं असतंत? म्हटलं, गोळ्या तोलतायत तर तोलू देत, निदान जेवायला तरी लागलेत. मग रोज उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत राहून गेलं."

पत्नी अर्लीन दारात उभी होती. तिला आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही.

मी पाय ठेवून घेतला. संध्याकाळी अर्लीनने तो भाजला. मी जेवलो.

नेमकी तक्रार कोणती लिहू, असे अंमलदारांनी विचारल्यावरून सांगतो की, ही गोष्ट मला दहा महिने सांगितली नाही, ही माझी तक्रार आहे. त्यांनी कायद्याचे पुस्तक खरोखर उघडून पाहिले व यासाठी कलम नाही असे सांगितले. तेव्हा अपहार व बदनामी हे दोन्ही आरोप मी मागे घेत आहे. त्यांच्या सांगण्यावरून बंदूक कारागिराकडे नेईपर्यंत ठाण्यातच ठेवत आहे.

डेल्मर बाहेर गाडी चालू ठेवून बसले आहेत. त्यांनी दोनदा भोंगा वाजवला आहे. ते मला त्या झाडापाशी नेणार आहेत. हाडे अजून तिथेच आहेत म्हणतात.

लिहिलेले सर्व मला ऐकवले. दोन आकडे मी दुरुस्त करून घेतले. बाकी मी बोललो तसेच आहे. सही घाईत करत आहे, कारण ऊन आहे तोवर ओढा ओलांडायचा आहे.

(सही) हार्लन स्टौफर
समक्ष: कोलेट झूक, अंमलदार