जाहिरात लागली का

कुडव्याच्या थांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या रुचिकाने गाणी ऐकायला इअरफोन काढले, ते हातातच राहिले. भाताच्या रोवण्याहून परतलेल्या, पायांवर चिखल वाळलेल्या दोन बाया शेजारीच येऊन बसल्या होत्या.

"रामबाई, उद्या रोवण्याले तुहा मोबाईल नोको आणजो."

"काऊन वं नंदा? खुमेंद्रनं पैसे भरून देले. एक बी जाहिरात येत नाही. गाण्यावर गाणं चालू राह्यते."

"तेच त बोंब आहे! माह्या फुकटवाल्यावर जाहिरात लागली का साऱ्या बाया कंबर सरळ करत होत्या. एखादी दोन घोट पाणी पिऊन घेत होती. आता गाणं थांबतच नाही, त पहिले कोण उठन?"

"मालक पाहून राह्यते बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून."

"जाहिरातीत तो बी काही म्हणत नव्हता."

"म्हणून माही कंबर धरली का? मले वाटलं, वय झालं."

"वय नाही वं. तुह्या पोराचे पैसे."

"तसं नोको म्हणू. पह्यल्या पगारातून भरले त्यानं. म्हणे, आई, आता मधात कोणी टोकणार नाही तुले."

तेवढ्यात रामबाईचा फोन वाजला.

"हो खुमेंद्र, थांब्यावरच आहो. मस्त चालू आहे, बाबू. दिवसभर एक बी जाहिरात नाही. साऱ्या बाया तुहं नाव काढतेत."

तिने फोन पदराने पुसून पिशवीत ठेवला.

"नंदा, उद्या तुहाच आणजो. जाहिराती लंब्या येतेत ना त्याच्यावर?"