दहा हजार केल्विनचा उजेड

नवरा : अगं, माशांच्या टाकीवरची ट्यूब कुणी बदलली?

बायको : तुमच्या टाकीला हात लावायची टाप आहे का कुणाची? तीच आहे, चार वर्षांपूर्वीची.

नवरा : मग एवढी निळी कशी? डोळ्यांत घुसतेय.

बायको : डॉक्टर म्हणाले होते ना, मोतीबिंदू निघाला की रंग वेगळे दिसतील.

नवरा : (टाकीचं झाकण उचलून) थांब. ‘दहा हजार केल्विन’ छापलंय. चष्म्याशिवाय वाचलं, बघ.

बायको : वाचा, वाचा. आकडा जितका मोठा तितका उजेड निळा, दुकानदारानं सांगितलं होतं. तो बिचारा साडेसहा हजार केल्विनची देत होता. दिवसाच्या उजेडासारखी, पाणवनस्पतींनाही मानवणारी. तुम्ही हट्टाला पेटलात. म्हणे, पिवळट आहे, पाणी गढूळ दिसतं.

नवरा : मला खरंच पिवळं दिसत होतं गं.

बायको : ते आज कळतंय.

नवरा : आणि तुला ही तेव्हापासून अशीच दिसते?

बायको : अशीच. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं, डोकं ठणकतं, सांगून सांगून जीभ झिजली. तुम्ही म्हणालात, तुला माशांचं वावडंच आहे.

नवरा : म्हणून संध्याकाळची आतल्या खोलीत जाऊन बसायला लागलीस?

बायको : मग काय, कपाळावर ओली पट्टी बांधून इथं बसू?

नवरा : मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला.

बायको : आणि मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा मासे बरे.

नवरा : काय करून बसलो गं मी! आजच साडेसहा हजारांची आणतो. की अजून पिवळी हवी? तू म्हणशील ती.

बायको : साडेसहाच आणा. फार पिवळीत मासे आजारी दिसतील.

नवरा : मग बसशील ना इथं, पूर्वीसारखी?

बायको : बघू. आतल्या खिडकीची सवय झालीय आता. समोरच्या शिक्षिकाबाई त्या वेळी गॅलरीत येतात, गप्पा होतात. वाट बघतात माझी.

नवरा : मी इथं एकटाच बसायचो.

बायको : ठाऊक आहे. दारातून पाठ दिसायची तुमची.

नवरा : एक हाक मारायचीस.

बायको : ओठांवर यायची हो. तेवढ्यात तुम्ही माशांशी बोलायला लागायचात.