इपोहला फोन लावू नको

—ठेव तो फोन आधी. खाली ठेव म्हणते ना! आल्यापासनं तिसऱ्यांदा पुढं करायलास, अन् तिसऱ्यांदा सांगते, मी तुझ्या आईशी बोलणार नाय. नहीं बोलूंगी. एवढं हिंदी तरी कळतं का? पंजाबी मोडकं, हिंदी त्याहून मोडकं, मराठीच्या नावानं शंख — अन् निघाला मलेशियातल्या इपोहवरनं मावशीला भेटायला! ती शेजारची तनुजा होती तोवर ठीक होतं, तुझं इंग्रजी ती मला सांगत होती. आता ती गेली शेंद्र्याला कंपनीत, बस माझं तोंड बघत. बरंच झालं म्हणा. तुला कळत नाय म्हणून तर मोकळं बोलता येतंय. चहा पी, निवला.

काय सांगितलं तनुजानं — तुझ्या आईला काही आठवत नाय म्हणं. पंजाबी विसरली, मलाय विसरली, घरभर कुठल्या तरी भाषेत बोलत फिरती अन् कुणाला एक अक्षर कळत नाय. तुझ्या बायकोचा हात धरून तिला ताई म्हणती. म्हणून तू पत्ता हुडकत नांदेडला गेलास, मत्था टेकलास, अन् तिथनं इथं उस्मानपुऱ्यात आलास. का? तर मी फोनवर दोन शब्द बोलावं. तिला बरं वाटंल. वा रे वा! चाळीस वर्षं हीच बोली तिच्या तोंडातनं निघाली की तुमच्या घरातल्यांची नाकं मुरडायची, अन् आता तीच औषध म्हणून पाहिजे व्हय? डॉक्टरनं लिहून दिली का चिठ्ठीवर — सकाळ-संध्याकाळ एकेक मावशी?

ती दिव्याची गोष्ट तुला कुणी सांगितली का? कोण सांगणार. आम्ही दक्खनी शीख. निजामाच्या मदतीला पंजाबातनं फौज आली, तिच्यासोबत आमचे खापरपणजे आले अन् इथलेच झाले. बोली इथली, भाकर इथली, अन् आरती नांदेडच्या तख्ताची — दिवे लावून, नगारा वाजवून. जन्मापासनं तेच बघितलं आम्ही. तर ही चरणी, तुझी आई, लग्न होऊन आठ दिवस झाले नव्हते, तुमच्या इपोहच्या गुरुद्वाऱ्यात आरतीचा शबद सुरू झाला अन् ही उठली. ताटात पाच दिवे लावले अन् राहिली उभी ओवाळायला. एकवीस वर्षांची पोर! तिला काय ठाव, तिकडं नुसतं गात्यात, दिवे कुणी लावत नाय? जमलेल्या सगळ्या संगतीसमोर तुझ्या आजीनं फुंकर मारून पाचही दिवे विझवले. म्हणली, ही सरदारीण हाय का कुठल्या देवळातनं उचलून आणली? बायका हसल्या. अन् तुझा बाप? तो जोडाघरात लोकांचे जोडे लावत बसला होता — सेवा करायला! बायकोची काय सेवा करायची ती बाकीच्यांनी केली. — तिकडं मलाय लोक तुम्हाला बंगाली म्हणत्यात ना? तिनंच सांगितलं होतं. कधी काळी कलकत्त्याहून जहाजात बसले म्हणून सगळे सरदार बंगाली. तुम्हाला तिथं कुणी तुमच्या नावानं ओळखत नाय, अन् माझी बहीण खरी का खोटी ते तपासायला निघाले!

अन् ती बी काय कमी नाय. विसरली की आम्हाला. चाळीस वर्षांत फिरकली नाय, बापू गेला तर त्याच्यामागच्या पाठाच्या भोगाला आली नाय, एक फोन नाय — म्हणजे, फोन आला. खोटं कशाला बोलू, तुला कुठं कळणार हाय. दिव्याचं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला, समोरच्या द्वारकाबाईच्या घरी. तवा गल्लीत तिच्याकडंच फोन होता. लई रडत होती चरणी. मी म्हणले, दिवे लावू नको, त्यांच्यासारखी राह्य, आठ दिवसात माघारी आलीस तर बापूची मान खाली जाईल. अन् रडायचं असलं तर इथं फोन करू नको. असं म्हणले मी. आई गेल्यावर मीच न्हाऊ-माखू घातलं तिला, माझा शब्द खाली पडू द्यायची नाय ती. ऐकलं. नाय केला परत. — केला. महिन्याभरानं दोनदा केला. द्वारकाबाई बोलवायला आली अन् मी गहू निवडत तिथंच बसून राहिले. म्हणले, सांग, घरी नाय. ती म्हातारी तशीच माघारी गेली.

का म्हणजे? तिचं रडणं अजून एकदा ऐकलं असतं तर मी गेले असते ना आणायला! पासपोर्ट नव्हता, नवरा पाठवणार नव्हता, तरी गेले असते. म्हणून नाय घेतला फोन. अन् बापूचं तिला कळवलंच नव्हतं मी. काय तोंडानं कळवू? तू म्हणतोस बोल. बोलू काय? सॉरी म्हणू? आता, तिला मीच कोण ते कळायचं नाय तवा? चांगलं हाय, लई सोपं हाय. शरम वाटती रे मला — ए, काय दाखवायलास? बघितला, बघितला फोन. चरणीचा फोटो हाय त्यावर, मग? हे आकडे कसले पळायले? लागलाय? केव्हाचा लागलाय? खाली ठेवला तो बंद नव्हता केला तू? अरे मेल्या, एवढं सगळं तिनं —

गप. थांब जरा. कोण? … व्हय. … व्हय गं, मीच हाय. … नाय, तुझ्यावर नाय ओरडले. तुझ्यावर कशाला ओरडू मी? … इथं एक पोरगा आलाय ना, त्याच्यावर ओरडत होते. … अगं कोण पोरगा म्हणजे? उंच हाय, काळी पगडी, डोळे तर अगदी तुझे — … ठाव नाय? तुझाच पोरगा ठाव नाय? …

जसविन, तू बाहेर जा. बाहर, बाहर. … काय नाय म्हणली ती. काहीसुद्धा नाय म्हणली. जा म्हणते ना, बाहेर बस जरा!